काचेच्या पेटीतील नेचा

झाडे लावण्याची हौस आपल्या समाजाला नवी नाही. वसईच्या वाड्यांतून मोगरा, तगर, जास्वंद, सोनचाफा यांचे संगोपन पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. पण ती झाडे अंगणातली. वाडी गेली, अंगण आक्रसले, इमारतीतल्या दोन-तीन खोल्यांत संसार आला, तेव्हा कुंडीतल्या झाडांनी उंबरठा ओलांडला. मनीप्लांट आला, क्रोटन आला आणि त्यांच्या पाठोपाठ नेचाही आला. बाजारात त्याला सारे ‘फर्न’ म्हणतात. त्याला ना फूल, ना फळ, ना सुगंध. आहे ते केवळ पान. तरीही दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टांगलेल्या कुंडीतून त्याची हिरवी पाने खाली झुकली की खोलीला एक शांत शोभा येते.

हा पाहुणा माणसाच्या घरात आला कसा, हे सांगावे असे आम्हांला वाटते. त्याचे कारण निव्वळ कुतूहल नाही. नेचा घरात जगवण्याची विद्या माणसाला ज्या रीतीने गवसली आणि गवसल्यावर तिचे त्याने जे केले, त्यात जिव्हाळा कसा असावा व कसा असू नये, या दोन्ही गोष्टींचे शिक्षण आहे.

नेचा ही अतिशय पुरातन वनस्पती. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही नेच्यांचे ठसे सापडतात. पृथ्वीवर फुले आली ती त्यानंतर फार उशिरा. जगात आज नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती ज्ञात आहेत. पावसाळ्यात विहिरीच्या दगडी भिंतीवर काळ्या, चकचकीत देठांचा जो नाजूक हंसराज उगवतो तो नेचाच. आणि जंगलात झाडाच्या खोडाला बिलगून वाढणारे ‘बाशिंग’ हाही नेचाच. मात्र वेदीवरील फुलदाणीत गुलाबांच्या जोडीला धुक्यासारखी जी हिरवी फांदी खोवली जाते, ती ‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ नेचा नव्हे. ती शतावरीची सख्खी बहीण. तिला फुले येतात, बारीक फळेही धरतात. नेच्याला ती कधीच येत नाहीत.

फूल नाही म्हणजे बी नाही. मग हे झाड वाढते कसे? या प्रश्नाने युरोपातील माणसांना शतकानुशतके गोंधळात टाकले होते. नेच्याला बी असते, पण ते अदृश्य असते, आणि ज्याला ते मिळेल तोही अदृश्य होतो, अशी तिकडची लोकसमजूत होती. गोव्यात ज्या सणाला तरुण मुले विहिरीत उड्या घेतात, त्या संत योहान बाप्तिस्ता याच्या सणाच्या आदल्या रात्री हे बी शोधायला लोक रानात जात. अठराव्या शतकात लिनियसने वनस्पतींचे वर्ग पाडले, तेव्हा नेच्याला त्याने ज्यांचा विवाह गुप्तपणे होतो अशा वनस्पतींत बसवले.

तो गुप्त विवाह हळूहळू उलगडला. जमैकातील जॉन लिंडसे या शल्यवैद्याने १७९४ साली असे दाखवून दिले की, नेच्याच्या पानामागील तपकिरी भुकटी ओल्या मातीवर पडली की तिला अंकुर फुटतो. पुढे १८४८ साली सुमिन्स्की या पोलिश अभ्यासकाने आणि १८५१ साली लाइपझिगच्या विल्हेल्म हॉफमाइस्टरने उरलेले कोडे सोडवले. हॉफमाइस्टर हा विद्यापीठात शिकलेला नव्हता. वडिलांच्या संगीतपुस्तकांच्या दुकानात काम करून उरलेल्या वेळात तो सूक्ष्मदर्शकापाशी बसे. पानामागची ती भुकटी म्हणजे बीजाणू. बीजाणू ओलाव्यात पडला की त्यापासून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराचे एक हिरवे पान तयार होते. त्या पानाच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी असतात. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीपर्यंत पोहोचली, तरच नव्या नेच्याचा जन्म होतो. ओलावा ही नेच्याची चैन नव्हे. तो त्याच्या जन्माची अट आहे. घरातला नेचा का सुकतो, याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

नेच्यांकडे अभ्यासूपणे पाहणाऱ्या आरंभीच्या माणसांत एका संन्यस्त बंधूचा मोठा वाटा आहे. चार्ल्स प्लुमिए हे १६४६ साली मार्सेय येथे जन्मले आणि तारुण्यातच मिनिम संघात दाखल झाले. पाओलाच्या संत फ्रान्सिसने स्थापिलेल्या या संघाच्या नावाचा अर्थच ‘लहानात लहान’ असा आहे. फ्रान्सच्या राजाने प्लुमिए यांना वनस्पतींच्या शोधार्थ वेस्ट इंडीजच्या बेटांवर पाठवले. त्यांनी तिकडच्या तीन सफरी केल्या आणि हजारो चित्रे रेखाटली. चौथ्या सफरीवर निघाले असता १७०४ साली स्पेनच्या किनाऱ्यावर त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील नेच्यांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ त्यांच्यामागून, १७०५ साली, पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. प्लुमिए हे नाव आपल्या वाचकांना अनोळखी वाटेल. परंतु आपल्या दफनभूमीत जो पांढरा चाफा उभा असतो, त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ असे आहे, आणि ते याच मठवाशाच्या स्मरणार्थ दिलेले आहे.

नेच्याला घरात आणणारा माणूस मात्र मठवासी नव्हता, आणि ही विद्या त्याला गवसली ती नेचा शोधताना नव्हे. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वेलक्लोज चौकात राहणारे डॉक्टर. त्यांची वस्ती कष्टकऱ्यांची. गिरण्यांच्या आणि घरोघरच्या चुलींच्या कोळशाने हवा काळी झालेली. डॉक्टरांना लहानपणापासून झाडांचा नाद. परसात दगड रचून, त्यावर पाणी झिरपत ठेवून त्यांनी नेचे लावून पाहिले; पण त्या धुरात एकही तगेना.

१८२९ साली त्यांनी एका रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर माती भरून तिच्यात पतंगाचा कोश पुरला आणि वर झाकण लावले. पतंग कसा बाहेर पडतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. रोज त्यांच्या ध्यानात येई की, दिवसाच्या उष्णतेने मातीतली ओल वर जाते, काचेवर दवासारखी जमते आणि पुन्हा खाली ओघळते. बाटलीतले पाणी बाटलीतच फिरत होते. पतंग बाहेर येण्याच्या आठवडाभर आधी मातीतून दोन हिरवी टोके वर आली. एक गवताचे होते. दुसरे नेच्याचे. ज्या परसात सारी खटपट करूनही नेचा जगला नव्हता, तेथेच खिडकीबाहेर ठेवलेल्या त्या बाटलीत तो पाण्याचा एक थेंबही न घालता चार वर्षांच्या आसपास जगला. अखेरीस डॉक्टर घरी नसताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि दोन्ही रोपे गेली.

या छोट्याशा घटनेचा अर्थ डॉक्टरांनी अचूक ओळखला. नेचा मरत होता तो पाण्यावाचून नव्हे. धुराने आणि कोरड्या हवेने मरत होता. त्याला हवी होती दमट, स्वच्छ आणि स्थिर हवा. त्यांनी काचेच्या मोठ्या, घट्ट पेट्या करवून घेतल्या. हॅकनी येथील लॉडिजिस यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेने त्यांना साहाय्य केले. १८३३ साली नेचे, शेवाळ आणि गवत भरलेल्या दोन पेट्या जहाजावरून सिडनीला धाडण्यात आल्या. सहा महिन्यांच्या प्रवासानंतर त्या उघडल्या, तेव्हा आतली रोपे हिरवीगार होती. परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपे भरली. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ साचले, विषुववृत्तावर ऊन तापले. तरी आठ महिन्यांनी लंडनला पोहोचलेला तिकडचा नेचा जिवंत होता. तोवर समुद्रमार्गे आणलेल्या वीस रोपांपैकी एकोणीस वाटेत मरत. या पेट्यांमुळे वीसातली एकोणीस जगू लागली, असा लॉडिजिस यांचा अनुभव होता.

१८४२ साली डॉ. वॉर्ड यांनी आपल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. त्यात गरिबांची स्थिती सुधारण्यासाठी या पेटीचा उपयोग कसा करता येईल, याला त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण दिले, ही गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. ज्या मजुराच्या खिडकीतून केवळ धुराडी दिसतात, त्याच्या खोलीतही रानाचा एक हिरवा तुकडा असावा, ही एका वैद्याची इच्छा होती. त्याच्या रुग्णांची दुखणी त्याला ठाऊक होती.

घडले ते निराळेच. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरील कर रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि नक्षीदार पेट्या सधन घरांच्या दिवाणखान्यांत झळकू लागल्या. १८५१ सालच्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात वॉर्ड यांनी अठरा वर्षे पाणी न घातलेली रोपे मांडली होती. नेचा ही बघता बघता साऱ्या देशाची हौस झाली. १८५५ साली चार्ल्स किंग्स्ली या अँग्लिकन धर्मोपदेशकाने तिला ‘नेचेवेड’ अशा अर्थाचा एक शब्दच घडवून दिला. पुढे १८६४ साली ज्यांच्या आक्षेपांना उत्तर देताना संत जॉन हेन्री न्यूमन यांनी आपला सुप्रसिद्ध आत्मकथनपर ग्रंथ लिहिला, तेच हे किंग्स्ली. कादंबऱ्या, चकाट्या आणि विणकाम यांत वेळ घालवण्यापेक्षा मुलींनी नेचे गोळा करावेत हे बरे, असा त्यांचा सूर होता. त्यात तथ्यही होते. एरवी घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांना या निमित्ताने डोंगरदऱ्यांत फिरता आले, वनस्पतींची नावे आणि लक्षणे त्या शिकल्या.

पण हौसेला आवर राहिला नाही. कपबशांवर नेचे, लेसवर नेचे, लोखंडी बाकांवर नेचे, थडग्यांवरही नेचे. जो नेचा दुर्मीळ, त्यालाच अधिक मागणी. विक्रेते डोंगर खरवडून गाड्या भरभरून नेचे शहरात आणू लागले. आयर्लंडमधील किलार्नीच्या धबधब्यांपाशी वाढणारा, पारदर्शक पानांचा एक सुंदर नेचा त्याच्या नाजूकपणापायीच घराघरांत नेला गेला आणि मूळ ठिकाणी जवळजवळ नाहीसा झाला. आज त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले आहे. स्कॉटलंडच्या मॉफट टेकड्यांतील वुडसिया नावाच्या चिमुकल्या नेच्याचीही तीच गत झाली. त्याचे बीजाणू रुजवून तयार केलेली रोपे एडिंबरच्या वनस्पती उद्यानाने अलीकडच्या काळात डोंगरात परत नेऊन लावली. दीडशे वर्षांपूर्वी ओरबाडलेले हे असे मोजून मोजून परत करावे लागते.

काचेच्या त्या पेटीने जग आणखीही एका प्रकारे बदलले. साम्राज्यांना तिचे मोल तत्काळ कळले. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून मिळवलेली चहाची हजारो रोपे १८५१ साली याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याच्या सरकारी मळ्यांकडे आली. १८७६ साली ब्राझीलच्या रबराची रोपे ३८ पेट्यांत भरून लंडनहून श्रीलंकेला गेली. त्यांच्याबरोबर परकी मातीही आली आणि मातीतून कीड व रोगही आले. गरिबाच्या खिडकीसाठी कल्पिलेली पेटी मळेवाल्यांच्या हाती पडली, आणि त्या मळ्यांत मजूर म्हणून कोण राबले हे आपण जाणतोच. साधन तेच होते, हात बदलले.

आज आपल्या घरांत बहुधा जो नेचा आढळतो, तो ‘बॉस्टन फर्न’. त्याचे पूर्वज फ्लॉरिडा आणि वेस्ट इंडीजच्या प्रदेशातले, म्हणजे बंधू प्लुमिए जेथे हिंडले त्याच भागातले. १८९४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बॉस्टनजवळ पाठवलेल्या नेच्यांच्या रोपांत एक रोप वेगळे आढळले. इतरांची पाने ताठ, तर याची ऐटदार कमानीसारखी झुकलेली. त्याचे बीजाणू बहुधा वांझ असतात. म्हणून त्याची वाढ मुळापाशी फुटणाऱ्या धाग्यांसारख्या धुमाऱ्यांपासून, किंवा आता प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने केली जाते. या नेच्यासाठी कोणाला जंगलात हात घालावा लागत नाही, ही त्याची आम्हांला सर्वांत मोठी थोरवी वाटते.

आपल्या परिसरातील नेच्यांची नोंद कोणी केली, हेही सांगितले पाहिजे. १९२२ साली मुंबईत ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक होते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी जे. एफ. डि’आल्मेडा. फादर ब्लॅटर हे जन्माने स्विस. पण त्यांनी आपले आयुष्य येथील वनस्पतींच्या अभ्यासाला वाहिले. त्यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह त्या महाविद्यालयात आजही जपलेला आहे. नेचे त्यांनीही खुडले, हे खरे. पण जातीची ओळख पटण्यापुरता नमुना घ्यायचा, तो कोठे मिळाला ते लिहून ठेवायचे आणि उरलेले झाड जागच्या जागी राहू द्यायचे, ही अभ्यासकाची रीत. डोंगर खरवडणाऱ्या विक्रेत्याची रीत आणि ही रीत, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता आपल्या घरातील कुंडीकडे वळू. वॉर्ड यांच्या बाटलीने जे शिकवले तेच आजही लागू पडते. नेचा दगावला की आपण म्हणतो, ‘पाणी कमी पडले,’ आणि पुढच्या खेपेस मुळे कुजेपर्यंत पाणी घालतो. नेच्याला मुळाशी चिखल नको असतो. माती पिळलेल्या फडक्याइतकी ओलसर असली की पुरे. कुंडीला तळाशी भोक हवे. नुसती चिकणमाती न घालता तिच्यात कुजलेला पालापाचोळा आणि नारळाचा भुसा मिसळावा. जागा उजेडाची असावी, पण थेट उन्हाची नसावी. पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची खिडकी उत्तम. पंख्याच्या झोताखाली आणि वातानुकूलन यंत्रासमोर नेचा हमखास करपतो, कारण तेथली हवा त्याच्या पानांतली ओल शोषून घेते.

पावसाळ्यात कोकणकिनाऱ्याची हवाच नेच्याची धाय होते. खरी कसोटी ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्चपासून मेपर्यंत. त्या दिवसांत चार-पाच कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात म्हणजे त्यांच्या पानांतली वाफ एकमेकींना मिळते. मोरीजवळची उजेडाची जागा असेल तर सोन्याहून पिवळे. किनाऱ्यालगतच्या गावांत उन्हाळ्यात विहिरींचे पाणी मचूळ होते. त्या क्षारांनी पानांची टोके जळतात. तेव्हा शक्य तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. खत अगदी पातळ करून आणि वाढीच्या दिवसांतच द्यावे.

पानामागे ओळीने मांडलेले तपकिरी ठिपके दिसले तर ते रोगाचे समजून औषध मारू नये; ते बीजाणूंचे पुंजके असतात. हंसराज एकदा कोरडा पडला की त्याची पाने मरतात, पण खोड जिवंत असू शकते. वाळलेली पाने मुळाशी कापून माती ओलसर ठेवावी. थोड्या दिवसांत नवी पाने गुंडाळलेल्या मुठीसारखी वर येतात. वॉर्ड यांचा प्रयोग कोणाला करून पाहायचा असेल तर काचेच्या मोठ्या बरणीत लहानसा नेचा लावून तो अवश्य करावा. बरणीवर ऊन मात्र पडू देऊ नये. पडले तर आतले रोप शिजून निघेल.

कुंडीतली झाडे घरातील विषारी हवा शुद्ध करतात, असे १९८९ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने केलेल्या प्रयोगांच्या आधारे सर्वत्र सांगितले जाते. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्याने दाखवून दिले की, राहत्या घरात तसा परिणाम साधायचा तर दर चौरस मीटर जागेत किमान दहा आणि कदाचित हजार झाडेही लागतील. उघड्या खिडकीचे काम नेचा करू शकत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा न ठेवता त्याला घरात स्थान द्यावे, यातच त्याचा मान आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पावसाळी सहलीहून परतताना घाटातला नेचा मुळासकट उपटून पिशवीत घालून आणण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. तो नेचा घरात बहुधा जगत नाही, आणि घाटातली जागा रिकामी होते ती होतेच. इकडे आपल्या गावांतही जुन्या विहिरी बुजवल्या जात आहेत आणि त्यांच्या भिंतींवरचा हंसराज त्यांच्याबरोबर जात आहे. इंग्लंड-आयर्लंडमध्ये जे हौसेने घडले, ते येथे बेफिकिरीने घडू नये. विहीर राखता आली तर राखावी. कुंडीसाठी नेचा हवा असेल तर रोपवाटिकेतून घ्यावा, किंवा शेजाऱ्याकडून मागावा. बॉस्टन नेच्याची कुंडी दोन-तीन वर्षांत भरून जाते. जूनमध्ये पहिला पाऊस स्थिरावला की तो कुंडीतून काढावा, गड्ड्याचे सुरीने दोन-तीन भाग करावेत, प्रत्येक भाग होता तेवढ्याच खोलीवर लावावा, आणि एक भाग आपल्याकडे ठेवून बाकीचे आळीत वाटून टाकावेत.